विहीणबाईंचं दुखणं

"तुमच्या पिशवीत घड्याळ आहे का हो?" मी विचारलं.

विहीणबाई कॉटवर डोळे मिटून पडल्या होत्या, मी खाली चटईवर. वैशाखातली दुपार. त्या वर्षांत आमच्या अमळनेरला रोज दुपारची वीज जायची. पंखा थांबला की घर इतकं गप्प व्हायचं, की आतल्या खोलीत झोपलेल्या तान्ह्या नातीचं कुरकुरणंसुद्धा कानावर यायचं. त्या शांततेत मला टिक-टिक ऐकू येत होती. बारीक, पण स्पष्ट. भिंतीवरचं आमचं घड्याळ तर केव्हाचं बंद पडलं होतं.

"हो," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "जुनं आहे. वाजतं जरा."

"बाहेर काढून ठेवू का? झोप लागत नसेल तुम्हाला."

"नको. सवय झालीय मला." त्यांनी पदर छातीवर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून वळल्या.

पिशवीला हात लावू द्यायचा नसेल, असं मनात म्हटलं. तशा त्या होत्याच.

मालिनीबाई पोरे, माझ्या वैजूच्या सासूबाई. कराडला त्यांच्या यजमानांचं कापडाचं दुकान. आम्ही दोन्ही घरं शिंपी समाजाची. पण ते कापड विकणारे आणि मी शिवणारी. माझे मिस्टर वैजू शाळेत असतानाच गेले. त्यानंतर मशीनवर ब्लाउज, परकर, झबली शिवून मी तिला वाढवलं, ग्रॅज्युएट केलं. कराडचं स्थळ सांगून आलं तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "निर्मला, पोरीनं नशीब काढलं."

लग्नात मात्र एक गोष्ट झाली. हळदीच्या सकाळी मी कासाराला मांडवात बोलावलं होतं. नवरीला हिरवा चुडा आणि वरपक्षाच्या सगळ्या बायकांना आमच्याकडून बांगड्या. पहिला मान वरमाईचा. कासारानं हात पुढे केला, तशी विहीणबाईंनी आपला हात झटकन मागे घेतला. "मला काच नको," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. सगळ्या बायकांच्या देखत. माझ्या मोठ्या जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "लई ताठ आहे बाई विहीण." तो मागे घेतलेला हात मला नंतर किती दिवस दिसत राहिला.

आणि आता दोन वर्षांनी त्याच विहीणबाई माझ्या घरी राहायला आल्या होत्या. वैजूचं पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी झाली. जावई हेमंत पवनचक्क्यांच्या कंपनीत, कामासाठी तामिळनाडूत. म्हणून सासूबाई एकट्याच पुढे आल्या, नातीसाठी चांदीचे वाळे आणि वैजूसाठी डिंकाचे लाडू घेऊन. बारशापर्यंत राहणार होत्या.

राहिल्या खऱ्या, पण पाहुण्यासारख्या. बाळंतिणीसाठी मी शेपूची भाजी करायची, तर त्या ताटात घ्यायच्या नाहीत. "मला पालेभाजी चालत नाही." विळीपाशी बसायच्या नाहीत. एकदा मी मुद्दामच कांदे पुढे सरकवले, तर म्हणाल्या, "मी चिरत नाही हो. पोळ्या लाटू का?" पोळ्या मात्र सुंदर करायच्या. अंगात सदा बंद गळ्याचं ब्लाउज. वैशाखात! माझ्यासारख्या शिवणारीच्या ते नजरेत यायचंच. मी म्हटलं, "एखादं सैल, मोठ्या गळ्याचं शिवून देऊ का? उकडतं इथं फार." त्या म्हणाल्या, "असू दे की. मला असंच बरं वाटतं."

येताना प्रवासात त्यांना खोकला झाला होता. मेडिकलच्या दुकानातून कसल्याशा गोळ्या घेऊन त्या खात होत्या. खोकला थांबला, आणि मग एका सकाळी, बारसं दोन दिवसांवर आलेलं असताना, दुसरंच काहीतरी झालं.

न्हाऊ घालणारी बाई नुकतीच गेली होती. वैजू आणि बाळ दोघी शेक घेऊन गाढ झोपल्या होत्या. विहीणबाई मोरीपाशी तोंड धूत होत्या. एकाएकी तांब्या खाली पडल्याचा आवाज आला. मी धावले. त्या डाव्या कुशीवर हात दाबून, भिंतीला टेकून, वाकून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

"काही नाही. वात आहे. चमक भरली."

चमक भरल्यावर माणूस असं घामानं भिजत नाही. मी रिक्षा बोलावली आणि त्यांना चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हातारे, चांगले. त्यांनी कुशीला हात लावला तशी विहीणबाईंनी ओठ चावला.

"मुतखडा दिसतो," डॉक्टर म्हणाले. "काही औषधं चालू आहेत का तुम्हाला? बीपी, शुगर?"

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही. काही नाही."

डॉक्टरांनी कमरेत दुखण्याचं इंजेक्शन दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. आम्ही घरी आलो. मी त्यांना पलंगावर निजवलं, जिरे-धण्याचं पाणी करून दिलं. तासाभरानं त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय." पण आवाज खोल गेला होता.

दुपारी त्या मोरीत जायला उठल्या आणि पुन्हा भिंतीला टेकल्या. मी आधार देऊन नेलं. दाराबाहेर थांबले. बराच वेळ झाला, हाक नाही. मी दार ढकललं. त्या खाली बसल्या होत्या आणि मोरीत सगळं लाल होतं. लघवी नव्हे, रक्तच म्हणावं असं. त्यांना उठवताना लुगडं सरकलं आणि इंजेक्शन दिलेली जागा दिसली. पिकल्या जांभळासारखी काळी-निळी, हातभर पसरलेली आणि फुगलेली.

"विहीणबाई, हे काय आहे?"

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या एवढ्याशा पकडीतही घाबरलेपण कळत होतं. "वैजूला सांगू नका. ओली बाळंतीण आहे. घाबरेल."

मी त्यांना पलंगावर निजवलं आणि सरळ वैजूच्या खोलीत गेले. ती बाळाला पाजत होती.

"तुझ्या सासूला काय आहे?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला काहीतरी कळलं. "काय झालं आत्यांना?" सासूला ती आत्या म्हणते.

मी सांगितलं. कुशीतलं दुखणं, इंजेक्शन, रक्त. वैजूनं बाळाला खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण आवाज मात्र शाबूत होता.

"आई, त्यांच्या हृदयात लोखंडी झडप बसवलीय. म्हणजे धातूची. तरुणपणीच ऑपरेशन झालंय. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज रक्त पातळ करायची गोळी घेतात. डॉक्टरांना सांगितलं का हे?"

"त्यांनी 'काही नाही' म्हणून सांगितलं."

"अरे देवा! त्यांना कमरेतलं इंजेक्शन चालत नाही गं. दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. जास्त पातळ झालं तर आतल्या आत सुटतं. आई, आत्ताच्या आत्ता धुळ्याला ने त्यांना."

मी निघाले, पण दारातून वळले. "दोन वर्षं तुला हे माहीत होतं?"

"लग्नानंतर महिन्याभरात कळलं मला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती." तिनं मान खाली घातली. "तुलाच सांगायचं नाही, असं म्हणाल्या होत्या."

मुलगी सासरी गेली असं लोक पाठवणीच्या वेळी म्हणतात. मला ते त्या दुपारी, त्या खोलीच्या दारात कळलं. माझ्या पोटातून निघालेली पोर दुसऱ्या बाईचं गुपित पोटात घेऊन माझ्यासमोर हसत-बोलत वावरली होती. पण तो विचार करायला वेळ नव्हता.

शेजारच्या भटूअण्णांची जीप होती. त्यांच्या सुभद्रावहिनी वैजूपाशी येऊन बसल्या. अण्णांनी आणि मी विहीणबाईंना चादरीसकट उचलून मागच्या सीटवर घेतलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर.

"असं कसं," त्या पुटपुटल्या. "विहिणीच्या मांडीवर डोकं."

"आता मानपान गुंडाळून ठेवा," मी म्हटलं. "वैजूनं सगळं सांगितलंय मला."

त्यांनी डोळे मिटून घेतले. कडेनं पाणी आलं. "तिनं शपथ मोडली?"

"मोडली. बरं झालं मोडली."

धुळ्याच्या वाटेवर जीप डांगरी गावाच्या पुढे गेली तशी त्यांना श्वास कमी पडायला लागला. मी ब्लाउजचे वरचे हुक काढले. गळ्याखालून सरळ खाली गेलेला लांब व्रण होता, जुना, गुळगुळीत झालेला, दोरा ओढून शिवलेल्या टिपेसारखा. आणि खाली वाकल्यामुळे माझ्या कानाशी स्पष्ट आलं: टिक. टिक. टिक.

पिशवीत घड्याळ नव्हतंच. ते त्यांच्या छातीत होतं.

धुळ्याच्या दवाखान्यात सगळं भराभर झालं. रक्त घेतलं, फोटो काढला, एका बंदिस्त यंत्रात घालून पोटाचा स्कॅन केला. मग एक तरुण डॉक्टर बाहेर आले, डॉक्टर सुराणा.

"पेशंटचे नातेवाईक?"

"मी."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"विहीण."

डॉक्टर थबकले. "सख्खं कुणी नाही आलं?"

"यजमान कराडहून निघालेत, उद्या पोचतील. मुलगा तामिळनाडूत आहे. आत्ता मीच सख्खी."

ते माझ्यासमोर बाकावर बसले. त्यांनी नीट समजावून सांगितलं, त्याचं मला आजही बरं वाटतं. "डाव्या मूत्रपिंडाभोवती रक्त साचलंय. कुठं पडल्या-बिडल्या होत्या का? मार लागला?"

"नाही."

"तेच. मार न लागता, आपोआप सुटलंय. क्वचित होतं असं, पण या गोळ्या घेणाऱ्यांत होतं. त्यांचं रक्त हवं त्याच्या कितीतरी पट पातळ झालंय. खोकल्याच्या गोळ्या घेतल्या म्हणता ना? त्यांनी या गोळीचा जोर वाढला असेल."

"मग ही गोळी बंद करा."

"केलीय. रक्त घट्ट करणारं औषध आणि प्लाझ्मा देतोय. पण गोळी फार दिवस बंद ठेवली तर त्या धातूच्या झडपेवर गुठळी धरते. झडप अडकली तर काही करता येत नाही. तारेवरची कसरत आहे, आई. एकीकडे मूत्रपिंड, एकीकडे हृदय."

"आणि रक्त थांबलंच नाही तर?"

"ऑपरेशन करून मूत्रपिंड काढावं लागेल. पण या अवस्थेत ऑपरेशन म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "झडपेचा आवाज येतो तुम्हाला?"

"येतो."

"तो खणखणीत येत राहिला पाहिजे. आम्ही तपासत राहूच. तुम्हीही लक्ष असू द्या."

रक्ताच्या पिशव्या भटूअण्णांनी कुठून कुठून माणसं गोळा करून मिळवल्या. अतिदक्षता विभागात एकाच माणसाला बसू देत, तेही थोडा थोडा वेळ. मी बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई शुद्धीवर होत्या, पण कागदासारख्या पांढऱ्या. डॉक्टर येऊन गेले होते. रक्त अजून पूर्ण थांबलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत वाट बघू, म्हणाले. ते विहीणबाईंनी ऐकलं.

"उद्या बारसं ना?" त्यांनी विचारलं.

"बारशाचं काय घेऊन बसलात!"

"नाही, ऐका. मी गेले तर सुतक धराल तुम्ही. धरू नका. पोरीचं बारसं अडवू नका. गोविंदविडा, घुगऱ्या, सगळं करा."

"गप्प राहा बघू. बोलायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

"बोलते. नंतर बोलायला मिळालं नाही तर?" त्या जरा थांबल्या, श्वास घेतला. "तुम्हाला सांगायचं नाही असं मीच तिला म्हटलं होतं. तिच्यावर रागावू नका."

"का पण? मलाच का नाही सांगायचं?"

"हेमंतला आधी एक मुलगी सांगून आली होती. सांगलीची. सगळं ठरलं. मग त्यांना माझ्या ऑपरेशनचं कळलं. तिची आई माझ्या तोंडावर म्हणाली, दुखणाइताच्या घरात पोर कोण देईल? जन्मभर सासूच्या उशा-पायथ्याला बसायचं का तिनं? मोडलं ते. हेमंत काही बोलला नाही, पण मला फार लागलं. मग तुमच्याकडचं आलं तेव्हा मी ठरवलं, कळू द्यायचं नाही. नंतर कळलं तरी तुम्ही म्हणणारच, फसवलं. म्हणून मग सांगायचंच नाही."

मी त्यांच्या ओठांना पाण्याचा बोळा लावला.

"आणि झालं ते तेच झालं," त्या म्हणाल्या. "वैजू बसते माझ्या उशा-पायथ्याला. दर महिन्याला रक्त तपासायला तीच नेते. पालेभाजीनं गोळीचा जोर कमी होतो, म्हणून ती किती खायची, गोळी कधी घ्यायची, सगळं तिच्या ध्यानात. मला आई आठवत नाही हो. मी चार वर्षांची असताना गेली. तुमची मुलगी माझी आई झाली."

त्यांचा हात चादरीवर होता. त्यात सुई, तिच्याभोवती निळा डाग. आणि मला माहीत नाही मला काय झालं, मी विचारून बसले.

"मग लग्नात बांगड्या का नाही भरल्यात?"

"काच टोचली असती तर! कासार कितीही जपून भरतो, तरी एखादी तडकतेच. मला खरचटलं की तासतासभर थांबत नाही. मांडवात सगळ्यांसमोर रक्त वाहिलं असतं तर काय सांगणार होते? म्हणून हात काढून घेतला. तुम्हाला ताठा वाटला असेल."

"मला ताठा नव्हता वाटला," मी म्हटलं. "मला वाटलं, विधवेच्या घरच्या बांगड्या नकोत म्हणून तुम्ही हात मागे घेतला."

विहीणबाईंनी डोळे मोठे केले.

"दोन वर्षं?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं हे मनात घेऊन बसलात तुम्ही?"

"हो."

"अहो, असं कसं मी... अहो, माझ्या मनातसुद्धा..." त्यांना पुढे बोलता येईना. मॉनिटरवरचा आकडा वर जायला लागला, तशी नर्स आली आणि तिनं मला बाहेर काढलं. "पेशंटला रडवू नका," म्हणाली. मीही रडतच होते, ते तिनं पाहिलं की नाही कोण जाणे.

दुपारी व्याही आले, राजारामभाऊ. एसटीनं रात्रभर प्रवास करून आलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. एरवी दुकानात रुबाबात बसणारा माणूस; बायकोला काचेतून बघितलं आणि बाकावर बसून लहान मुलासारखा हमसायला लागला. डॉक्टरांनी ऑपरेशनचं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे हात केला. "ताईंना विचारा. मला काही सुचत नाही."

"संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलंय ना," मी डॉक्टरांना म्हटलं. "थांबू या."

त्या दुपारी पुन्हा मला आत सोडलं. विहीणबाई झोपल्या होत्या. खोलीत कुठलं तरी यंत्र मोठ्यानं घरघरत होतं, बाहेर जनरेटर सुरू झाला होता. मी कान देऊन ऐकलं. टिक-टिक येईना. पुढे वाकले. तरी येईना. झडप अडकली की काही करता येत नाही, असं म्हणाले होते. मी इकडेतिकडे पाहिलं नाही, सरळ त्यांच्या छातीवर कान टेकवला.

टिक. टिक. टिक. खणखणीत.

"काय ऐकताय?" वरून आवाज आला.

"तुमचं घड्याळ."

"चालू आहे?"

"आहे."

"मग डोकं उचला की. जड आहे तुमचं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. कुशीत कळ आली म्हणून लगेच ओठ मिटले, पण हसल्या हे खरं.

संध्याकाळी डॉक्टर सुराणांनी पुन्हा रक्त तपासलं, पुन्हा सोनोग्राफी केली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चालण्यावरूनच मला कळलं. "साचलेलं वाढलेलं नाही," ते म्हणाले. "थांबलंय असं वाटतं. आज रात्र जाऊ दे, पण ऑपरेशन नको आता."

राजारामभाऊंनी त्यांचे हातच धरले. मला काहीच करावंसं वाटलं नाही. मी खाली जाऊन टपरीवर चहा घेतला, उभ्यानंच, आणि दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की माझ्या पायात चपला दोन वेगवेगळ्या होत्या. एक माझी, एक वैजूची.

पुढचे दिवस कसरतीचेच गेले. आधी शिरेतून रक्त पातळ करायचं औषध, मग हळूहळू पुन्हा गोळी, रोज रक्ताची तपासणी. मूत्रपिंड वाचलं. हेमंत आला, आईच्या पायाशी बसून राहिला. बारसं अर्थातच लांबलं. कुणाला त्याची फिकीर नव्हती.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा राजारामभाऊ गाडीची चौकशी करायला लागले. "कराडपर्यंत बसवेल का तुला?"

"कराडला कशाला?" विहीणबाई म्हणाल्या. "मी अमळनेरला जाते."

"अगं, तिकडे आधीच एक बाळंतीण आहे. ताईंना किती त्रास?"

"एक आहे तिथं दोन. माझ्या बाळंतपणाला मला माहेर नव्हतं. आता करून घेते." मग माझ्याकडे वळून, जरा लाजत, "चालेल ना?"

"शेपूची भाजी मिळणार नाही हं तुम्हाला," मी म्हटलं.

"थोडी चालते. रोज सारख्याच मापानं खाल्ली तर चालते. वैजूला विचारा."

त्या आल्या आणि महिनाभर राहिल्या. माझ्या घरात एका खोलीत वैजू आणि बाळ, दुसऱ्या खोलीत त्या. सकाळी न्हाऊ घालणारी बाई आली की त्या विचारायच्या, "मला पण जरा पाय चोळून देशील का गं? हलक्या हातानं." वैजू बाळ त्यांच्या शेजारी आणून ठेवायची. उचलायची परवानगी नव्हती, म्हणून त्या बोटानंच तिची हनुवटी उचलायच्या आणि तासनतास बघत बसायच्या. मी मशीनवर बसले की त्यांचं तोंड चालू. त्यांच्या सासरच्या गोष्टी, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला. दोन वर्षांत मी त्यांच्याकडून एवढं ऐकलं नव्हतं. मोठ्या गळ्याची दोन ब्लाउजं शिवली त्यांच्यासाठी. घरात घालायच्या.

एकदा वैजू माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "आई, अजून रागावलीयेस?"

"रागावले होते," मी म्हटलं. "पण तू सांगितलं नसतंस तर काय झालं असतं, त्याचा विचार केला की राग राहत नाही. आणि खरं सांगू? आपलं गुपित सांभाळणारी सून मिळाली म्हणून तुझ्या सासूचा हेवासुद्धा वाटतो."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी.

बारसं झालं. आत्या म्हणून हेमंतची चुलतबहीण आली होती, तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं: सई. दुसऱ्या दिवशी हेमंत गाडी घेऊन आला, आई, बायको आणि मुलगी तिघींना न्यायला. सुभद्रावहिनींना मी आधीच बोलावून ठेवलं होतं, ओटी भरायला. वैजूची भरली. मग वहिनी नारळ-तांदूळ घेऊन विहीणबाईंकडे वळल्या.

विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. "तुम्ही नाही," त्या वहिनींना म्हणाल्या. "राग मानू नका." आणि त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, पदर पसरून.

"भरा."

"मी?" मी मागे सरले. "मी कशी भरणार? तुम्ही सवाष्ण. मला तो अधिकार नाही."

"कुणी सांगितलं?"

"जगरीत आहे."

"माहेरहून बाई निघाली की तिची ओटी घरच्या बाईनं भरायची, ही पण जगरीतच आहे. या घरात घरची बाई कोण आहे? तुम्हीच ना? मग रिकामी जाऊ का मी?"

सुभद्रावहिनींनी ताट माझ्या हातात दिलं. हेमंत दारात उभा होता, वैजू बाळाला घेऊन. मी ओंजळीत तांदूळ घेतले. मिस्टर गेल्यापासून मी कुणाच्या ओटीत तांदूळ घातले नव्हते. माझी स्वतःची मुलगी सासरी निघाली तेव्हासुद्धा मी दाराआड उभी होते. निम्मे तांदूळ जमिनीवर गेले.

"असू दे की," विहीणबाई म्हणाल्या. "अजून घाल."

लग्नापासून त्या मला 'अहो' म्हणत आल्या होत्या. मी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण पदर घट्ट धरला होता.

मी पुन्हा ओंजळ भरली. या वेळी एकही दाणा खाली पडला नाही.

"येशील ना पुन्हा?" मी विचारलं.

"न येऊन सांगते कुणाला," ती म्हणाली.